साथीच्या काळात तुटलेली वंशावळ कशी जोडावी : मराठवाड्यातील नवख्या शोधकर्त्यांसाठी

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील असंख्य घरांत वंशावळीचा शोध सुरू झाला आहे. कुणाला कुणबी नोंद हवी असते, कुणाला जात पडताळणीसाठी पुरावा जोडायचा असतो, तर कुणाला आपले पणजोबा कोण होते एवढेच मनापासून जाणून घ्यायचे असते. यांतील बहुतेकांचा शोध साधारण एकाच ठिकाणी, म्हणजे 1900 ते 1920 या वर्षांच्या आसपास येऊन अडतो. कागद उर्दूत आहेत, मोडी वाचता येत नाही, रझाकारांच्या काळात दप्तर गेले, ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही असतात. मात्र त्यांच्याइतकेच मोठे असे एक कारण सहसा विचारात घेतले जात नाही. त्या वीस-पंचवीस वर्षांत दुष्काळ, पटकी, प्लेग आणि इन्फ्लुएंझा यांनी कित्येक घरांतली एक आख्खी पिढी नेली, आणि मागे राहिलेल्या मुलांची नावे कागदावर वेगळ्याच माणसांच्या नावांपुढे लागली. हे लक्षात न घेता शोध घेतला, तर चुलता हा बाप ठरतो, आजोबा हे वडील ठरतात आणि पुढची सगळी वंशावळ एका पायरीने चुकत जाते.

आधी काळाची चौकट पक्की करा

तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची लोकसंख्या 1891 च्या जनगणनेत सुमारे 1 कोटी 15 लाख होती, ती 1901 मध्ये सुमारे 1 कोटी 11 लाखांवर आली. पुढच्या दहा वर्षांत ती सुमारे 1 कोटी 33 लाखांपर्यंत वाढली आणि 1921 मध्ये पुन्हा घसरून सुमारे 1 कोटी 24 लाख झाली. या दोन घसरणी म्हणजे आपल्या शोधातल्या दोन मोठ्या दऱ्या आहेत. पहिलीमागे प्रामुख्याने 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, आणि त्याच्या पाठोपाठ आलेली पटकी आहे. दुसरीमागे मुख्यतः 1918 चा इन्फ्लुएंझा आहे. त्याच वर्षी पाऊसही फसला होता, त्यामुळे अर्धपोटी माणसांवर ही साथ तुटून पडली. या दोन्हींच्या मध्ये प्लेग पसरला. तो 1896 मध्ये मुंबईत आला, 1897 मध्ये पुण्यात शिरला आणि त्यानंतर कित्येक वर्षे दख्खनमध्ये गावोगाव फिरत राहिला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज लाईन 1900 च्या सुमारास सुरू झाल्यामुळे माणसांबरोबर रोगांचीही ये-जा वाढली. याच्याही मागे गेल्यास 1876-78 चा दुष्काळ लागतो, पण तिथपर्यंत पोहोचलेला शोधकर्ता नवखा राहिलेला नसतो.

प्रत्येक साथ घरातली वेगवेगळी माणसे नेते, आणि वंशावळीच्या दृष्टीने हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. देवीच्या साथीत मुख्यतः लहान मुले दगावत, त्यामुळे भावंडांच्या वयांत मोठी अंतरे दिसतात, पण वंशाची मुख्य रेघ सहसा तुटत नाही. इन्फ्लुएंझाने मात्र वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली, आणि आपल्या देशात त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक राहिले. म्हणजे घरात म्हातारे उरले आणि लेकरे उरली, मधले गेले. ज्या घराच्या वंशावळीत बाप आणि मुलगा यांच्या वयात पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे अंतर दिसते आणि मुलाचा जन्म 1910 ते 1918 च्या दरम्यानचा येतो, तिथे मधली एक पायरी गळाली आहे किंवा बापाचे दुसरे लग्न झाले आहे, ही शंका पहिल्यांदा घ्यावी.

पहिली पायरी : घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा

"आपले पूर्वज कोणत्या साली वारले?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण घरात साल कुणी लक्षात ठेवत नसे. आजी-आजोबांच्या तोंडी असलेल्या शब्दांत विचारावे. मानमोडीत आपल्या घरचे कोण गेले? गाठीच्या तापात गाव उठून माळावर गेले होते, तेव्हा आपली खोपट कुठे होती? पटकीत एकाच दिवशी दोन तिरड्या उठल्या असे कुणाबद्दल सांगतात? अशा प्रश्नांनी माणसांना आठवण लागते. 1918 च्या इन्फ्लुएंझाला लोक मानमोडी म्हणत, प्लेगला गाठीचा रोग आणि कॉलऱ्याला पटकी किंवा मरी, हे आधी माहीत असले म्हणजे समोरचा काय सांगतो आहे ते कळते. मात्र मरी हा शब्द कोणत्याही मोठ्या साथीसाठी सैलपणे वापरला जाई, म्हणून केवळ त्यावरून रोग ठरवू नये.

त्याचबरोबर कोण कुणाच्या घरी वाढले, हे अवश्य विचारावे. "आज्याला त्याच्या मामानं वाढवलं", "तो चुलत्याच्या हाताखाली वाढला", "ती लहानपणीच आत्याकडं आली" ही वाक्ये साथीचा सर्वांत टिकाऊ पुरावा असतात. मेलेल्यांची नावे विसरली जातात, पण पोरक्या लेकराला कुणी भाकरी घातली हे तीन पिढ्या सांगितले जाते. घरातल्या दगडू, धोंडिबा, केरबा, फकिरा अशा नावांचीही नोंद घ्यावी. आधीची मुले जगली नाहीत म्हणून अशी नावे ठेवण्याची रीत होती. या नावांवरून एखादी विशिष्ट साथ सिद्ध होत नसली, तरी त्या मुलाआधी घरात बालमृत्यू झाले असावेत, एवढा इशारा ती देतात.

या बोलण्यात घाई करू नये. एकाच आठवड्यात घरातली चार माणसे गेल्याची गोष्ट सांगताना ऐंशी वर्षांच्या आजीचा आवाज आजही बदलतो, जरी ती स्वतः त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली असली तरी. शक्य असल्यास परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करावा, आणि तेच प्रश्न भावकीतल्या दुसऱ्या घरी स्वतंत्रपणे विचारावेत.

दुसरी पायरी : श्राद्धाच्या तिथी गोळा करा

साल विसरलेल्या घरातही तिथी जपलेली असते. वर्षश्राद्ध ज्या महिन्यात आणि तिथीला होते, ती मृत्यूची खरी तिथी असते. पितृपक्षातल्या महाळाच्या दिवसावरून मात्र फक्त तिथी कळते, महिना कळत नाही. शिवाय सवाष्ण गेलेल्या स्त्रीचे अविधवा नवमीला केले जाते, त्यामुळे तिथे मूळ तिथीही झाकली जाते. म्हणून शक्य तिथे वर्षश्राद्धाची तिथी विचारावी.

सगळ्या तिथी एका कागदावर मांडल्या की पुष्कळदा चित्र आपोआप दिसू लागते. 1918 च्या साथीची प्राणघातक लाट आपल्याकडे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये होती, आणि त्या वर्षीचा आश्विन महिना साधारण 5 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर असा येतो. एकाच घरातल्या दोन-तीन तरुण माणसांच्या तिथी आश्विनात किंवा कार्तिकाच्या सुरुवातीला एकमेकींच्या जवळ येत असतील, तर मानमोडीचा विचार सर्वांत आधी करावा. प्लेग पावसाळ्याच्या अखेरीस वाढे, हिवाळ्यात टोकाला जाई आणि कडक उन्हाळ्यात ओसरे, म्हणून मार्गशीर्ष, पौष, माघातल्या तिथी त्याच्याकडे बोट दाखवतात. विहिरी आटल्यावर आणि पहिल्या पावसाच्या दिवसांत पटकीचा जोर असे. ही ढोबळ दिशा आहे. एकट्या तिथीवरून निष्कर्ष काढू नये.

मुस्लिम घरांत बरसीची तारीख हिजरी महिन्याने जपलेली असते. हिजरी सन 1337 चा पहिला दिवस 7 ऑक्टोबर 1918 च्या सुमारास येतो, म्हणजे साथ ऐन भरात असताना मोहरम सुरू झाला होता. "मोहरमच्या दिवसांत घरातले गेले" ही आठवण अशा वेळी फार मोलाची ठरते.

तिसरी पायरी : सन जुळवून घ्या

निजाम राजवटीतल्या कागदांवर बहुधा फसली सन, म्हणजे महसुली कामासाठीचा सन, असतो. संस्थानाच्या सरकारी फसली वर्षाचा पहिला महिना आझूर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी फसली सनात 590 आणि जानेवारीनंतरच्या तारखेसाठी 591 मिळवले की इसवी सन मिळतो. जुन्या मोडी कागदांत मृगापासून सुरू होणारे फसली सालही आढळते, म्हणून महिना पाहिल्याशिवाय बेरीज करू नये. शके असल्यास चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 आणि त्यापुढे फाल्गुनाअखेरपर्यंत 79 मिळवावेत. अचूक तारखेसाठी जुनी जंत्री पाहावी.

येथे एक अडचण मुद्दाम सांगितली पाहिजे. 1918 ची साथ टिपेला पोहोचली त्याच सुमारास फसली 1327 संपून 1328 सुरू झाले. एकाच घरातल्या, आठ-दहा दिवसांच्या अंतराने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी त्यामुळे दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बाडात असू शकतात. एका वर्षात शोधून काही मिळाले नाही म्हणून परत फिरणारे अनेक जण नेमके येथेच चुकतात. दोन्ही वर्षे पाहावीत. वारसाची नोंद मृत्यूनंतर लगेच होत नसे, म्हणून पुढची चार-पाच वर्षेही चाळावीत.

चौथी पायरी : कागद अलीकडून मागे पाहत जा

एकदम 1918 मध्ये उडी मारू नये. आधी आजचा सातबारा आणि त्यावरील फेरफार क्रमांक घ्यावेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या आणि 1954-55 च्या खासरा पत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकाच्या) नकला मागाव्यात. त्याच काळातील पाहणी पत्रके आणि जिथे शिल्लक असेल तिथे 1951 चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर पाहावे. या रजिस्टरमध्ये घरातल्या माणसांची वये असतात, आणि आपल्या कामात वय फार उपयोगी पडते. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा तिसरा आधार देतो, पण त्यातली जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. त्यामागचे सेतवार (सर्व्हे क्रमांकवार जमिनीचे पत्रक), इनाम व वतनाचे कागद, मुंतखब (इनाम मान्य केल्याचा निजामी दाखला) वगैरे भूमी अभिलेख कार्यालयात, छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेखागारात किंवा हैदराबाद येथील तेलंगणा राज्य अभिलेखागारात मिळू शकतात. साधारण 1884 पासून संस्थानाचा कारभार फारसीऐवजी उर्दूत आला, तर गावपातळीवर पटवाऱ्याचे लिखाण मोडीत चालत असे. त्यामुळे दोन्ही लिप्या जाणणाऱ्यांची मदत लागते. जाणकाराला संपूर्ण पानाचा फोटो द्यावा, आपल्याला हव्या त्या ओळीचा तुकडा देऊ नये, कारण शेजारच्या गटातली भावकीची नावेच पुष्कळदा खरा दुवा ठरतात.

जनगणनेच्या अहवालांत व्यक्तींची नावे नसतात, फक्त आकडे असतात. तिथे पूर्वज शोधण्यात वेळ घालवू नये.

कागदातले काही शब्द ओळखता आले पाहिजेत. "वल्द" आणि मोडी कागदांतले "बिन" यांच्या पुढे बापाचे नाव येते. "जौजे", "कोम" किंवा "भ्रतार" यांच्या पुढे नवऱ्याचे नाव येते, "बेवा" म्हणजे विधवा, "फौत" म्हणजे मयत. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अज्ञान म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा पालक), आणि "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. साथीच्या मागे उरलेल्या घरांत शेवटचे दोन शब्द वारंवार भेटतात. अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून चुलता, आजा किंवा मामा लागतो. पुढच्या नकलेत कारकुनाच्या हातून "अ.पा.क." गळते आणि त्या जागी "वल्द" येते. एवढ्या एका अक्षरचुकीने बाप बदलतो.

समजा, खासरा पत्रकात "किसन वल्द मारुती" असे नाव आहे. घरात मात्र किसनरावांचे वडील गणपती होते असे सांगतात आणि मारुती हे चुलते. पहिल्या नजरेला घरची आठवण चुकीची वाटेल. आता 1951 च्या रजिस्टरमध्ये किसनचे वय 35 दिसते, म्हणजे त्याचा जन्म 1916 च्या आसपासचा. घरात गणपतीचे वर्षश्राद्ध आश्विन वद्य पंचमीला होते आणि किसनच्या आईचे आश्विन वद्य अष्टमीला. तीन दिवसांत नवरा-बायको गेली, आणि 1918 मध्ये या तिथी ऑक्टोबरच्या अखेरीस येतात. मग 1328 ते 1332 फसलीतले विरासतीचे, म्हणजे वारस नोंदीचे, कागद पाहिले आणि तिथे "गणपती फौत, वारस किसन अज्ञान, पालनकर्ता मारुती" असे सापडले, की घरची आठवण खरी ठरते आणि कागदातली चूक कुठे झाली तेही दाखवता येते. असा कागद सापडला नाही, तर गणपतीचे नाव वंशावळीत घ्यावे, पण त्यापुढे "मौखिक माहिती व तिथीवरून" असे स्पष्ट लिहावे.

पाट, दत्तक आणि गाव सोडून गेलेली माणसे

साथीनंतर कुटुंबे नव्याने बांधली गेली. विधुर झालेल्या तरुणाने दुसरे लग्न केले, अनेक समाजांत विधवेचा पाट (पुनर्विवाह) लागला आणि ती पहिल्या घरची मुले घेऊन दुसऱ्या घरी आली, निपुत्रिक झालेल्या आज्याने पुतण्याला दत्तक घेतले, एकुलत्या मुलीचा नवरा घरजावई झाला. यांतील प्रत्येक घटनेने कागदावरचे बापाचे नाव, आडनाव किंवा गाव बदलू शकते. सावत्र आणि पाटाच्या नात्यांबद्दल काही घरांत आजही संकोच असतो. त्याचा मान राखून विचारावे, पण वंशावळ लिहिताना ते नाते लपवू नये, कारण जमिनीचा किंवा जातीचा कागद पुढे विसंगत वाटतो तो नेमका याच ठिकाणी.

जी घरे गाव सोडून गेली, त्यांचा माग काढणे अवघड असते. महसुली कागदात "बेचिराग" म्हणून नोंदलेली, वस्ती नसलेली गावे मराठवाड्यात सर्वत्र आहेत. गाव ओस पडण्यामागे दुष्काळ, पाणी, दंगेधोपे अशी अनेक कारणे असतात, म्हणून प्रत्येक बेचिराग गाव साथीने उठले असे समजू नये. तरीही आपले आडनाव एखाद्या अशा गावावरून आलेले असेल, तर त्या शिवाराचे कागद आज कोणत्या गावात जोडले आहेत, ते तलाठ्याकडे विचारावे.

शेतमजूर आणि बलुतेदार घरांच्या बाबतीत जमिनीचे कागद तोकडे पडतात. तिथे वतनाचे कागद, शाळेचे रजिस्टर, आणि जालना परिसरासारख्या जुन्या मिशनच्या भागात चर्चची बाप्तिस्मा व दफनाची रजिस्टरे पाहावीत. या घरांनी साथींत इतरांइतकेच, पुष्कळदा इतरांहून अधिक सोसले. त्यांची नोंद कमी आहे म्हणून शोधाचा आग्रह कमी करू नये.

सोयरिकीच्या आणि तीर्थाच्या वह्या

नवखे शोधकर्ते फक्त आपल्याच गावात शोधतात. संस्थानी गावांतल्या जन्म-मृत्यूच्या सलग नोंदी मिळणे दुर्मीळ आहे, पण लागून असलेल्या सोलापूर, अहिल्यानगर, बुलढाणा, अकोला या भागांवर इंग्रजांचा अंमल होता आणि तेथे गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुकात मृत्यूच्या नोंदी होत. आपल्या सोयरिकी बार्शी, जामखेड, सिंदखेडराजा, मेहकर, लोणार या बाजूला असतील, तर पणजीच्या माहेरची वंशावळ तिकडे शोधावी. माहेरी बाळंतपणाला गेलेली लेक तिथेच साथीत गेली, अशी नोंद सीमेपलीकडच्या रजिस्टरमध्ये मिळू शकते.

तीर्थक्षेत्रांच्या वह्यांना मी फार मोठे स्थान देतो. पैठण, त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात आणि त्या यजमानाने स्वतः सांगितलेल्या माणसांच्या असतात. एकच नोंद पाहून थांबू नये. घरातले कुणी 1910 च्या सुमारास तीर्थाला गेले असेल आणि पुन्हा कुणी 1925 च्या सुमारास गेले असेल, तर दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्या पानावर असलेले आणि दुसऱ्या पानावर नसलेले नाव म्हणजे बहुधा मधल्या वर्षांत वारलेला माणूस, आणि दुसऱ्या पानावर पिंडदानाच्या यादीत तो पुन्हा भेटण्याची शक्यता असते. धाराशिव, लातूर या कर्नाटकाजवळच्या भागात हेळव्यांकडेही, म्हणजे वंशावळ सांगत फिरणाऱ्यांकडेही, काही घराण्यांची वंशावळ असते; ते गावात आले की त्यांना अवश्य विचारावे.

शेवटची पायरी : लिहिताना

प्रत्येक नावापुढे आधार लिहावा: कागद, तिथी, की केवळ सांगितलेली गोष्ट. साथीने मृत्यू झाला असे लिहिण्यासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन आधार असावेत. नुसते साल 1918 आहे म्हणून मानमोडी लिहू नये, कारण त्या वर्षीही माणसे साप चावून, बाळंतपणात आणि म्हातारपणाने जात होती. मधली पायरी सापडली नाही तर ती जागा मोकळी ठेवावी. वंशावळ शपथपत्रावर द्यायची असेल, तर अंदाजाने भरलेले एक नाव संपूर्ण कुटुंबाला अडचणीत आणू शकते.

मोकळी जागा ठेवताना तिथे काय होते तेही लिहावे, असा माझा आग्रह आहे. सरकारी नमुन्यात बहुधा पुरुषांचीच रेघ येते. घरी ठेवायच्या वंशावळीत मात्र तीन दिवसांत नवऱ्यामागे गेलेली बायको, नाव ठेवण्याआधी गेलेले मूल, माहेरी वारलेली लेक या सगळ्यांना चौकट द्यावी. नाव माहीत नसेल तर "किसनची आई, आश्विन वद्य अष्टमी" एवढे लिहावे. तिथी आणि गाव हाती असले, तर पुढे कधीतरी एखाद्या वहीत, एखाद्या रजिस्टरात तिचे नाव ओळखता येते. ही घरची प्रत भावकीतल्या किमान दोन घरी ठेवावी आणि नवा आधार मिळेल तसतशी तीवर तारीख घालून दुरुस्ती करत जावे.